तज्ज्ञ या शब्दाची फोड

भाषा जाणणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणावं, याचा निकाल अजून लागलेला नाही. वैयाकरणी म्हणावं तर तो नुसता व्याकरणाचा. शास्त्री म्हणावं तर लोक सत्यनारायण सांगायला बोलावतात. दुभाषी म्हणावं तर तो दोन माणसांच्या मधे उभा राहून दोघांच्याही शिव्या खाणारा. मी एम.ए. झाले त्या सुमारास, म्हणजे साठ सालाच्या पुढेमागे, भाषाशास्त्रज्ञ असा एक लांबलचक शब्द चालू लागला होता, पण तो उच्चारून होईपर्यंत ऐकणाऱ्याचा उत्साह संपायचा. माझ्या वाट्याला आला तो भाषातज्ज्ञ. सांगलीच्या कॉलेजात रुजू झाले तेव्हा प्राचार्यांनी स्वागताच्या भाषणात तो माझ्या गळ्यात घातला आणि मागच्या बाकावरून एक शिट्टी आली.

दुसऱ्या दिवशी मी तो शब्दच फळ्यावर फोडून दाखवला. तद् म्हणजे ते, ज्ञ म्हणजे जाणणारा. ते जाणणारा तो तज्ज्ञ. संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला. एका मुलीनं विचारलं, "बाई, ‘ते’ म्हणजे काय?" मी म्हणाले, ज्याचा जो विषय असेल ते. उत्तर चोख होतं, आणि चोख उत्तर दिलं की त्या काळी मला जेवण गोड लागायचं.

आमचं गाव कऱ्हाडजवळ, मलकापूरच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात. वडील पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. माझा विषय त्यांना शेवटपर्यंत कळला नाही, पण अभिमानाला कळावं लागत नाही. पाहुणा आला रे आला की सांगायचे, "आमची पोरगी लँग्वेजमधी सुभेदार हाय." पाहुणा विचारायचा, "मग किती भाषा येत्यात?" हा प्रश्न या धंद्यातल्या प्रत्येकाच्या कपाळी लिहिलेला असतो. मी समजावून सांगायची, की भाषा बोलता येणं वेगळं आणि भाषेचा अभ्यास करणं वेगळं; डॉक्टरला काय सगळे रोग झालेले असावे लागतात का? पाहुणा मान डोलवायचा आणि वडिलांकडे वळून म्हणायचा, "म्हंजी एकच येती." मला असा राग यायचा, की चहाचा कप ठेवताना बशीचा आवाज व्हायचा.

आमची थोरली काकी जतकडची. जातीनं मराठेच, पण तिच्या माहेरी घरात कानडी. आजोबा त्या भागात खिलारी बैल बघायला गेले होते, तिथं बैलवाल्याची मुलगीही त्यांच्या मनात भरली. बैल आणि सून एकाच वर्षी घरात आले. घरातली जुनी थट्टा अशी, की बैलांना मराठी हाकारे शिकवताना गड्याच्या नाकी नऊ आले, सून मात्र शिकवायच्या आधीच शिकली. शिकली कशी, ते कुणी सांगत नसे. आजीनं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "ह्या घरात यंडुगुंडु चालायचं न्हाई." काकी गप्प झाली आणि जेव्हा पुन्हा बोलू लागली तेव्हा मराठीच बोलू लागली. मला आठवते ती काकी अस्सल आमच्याकडची होती. भांडणात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. मी पुण्याला शिकायला निघाले तेव्हा गल्लीतल्या बायका नाकं मुरडत होत्या, तर ही दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जा गं तू. कोल्ह्याला द्राक्षं आंबटच लागत्यात."

गंमत अशी, की माझा अभ्यास मराठीत आलेल्या कानडी शब्दांचाच होता. अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता, असे कितीतरी शब्द मी कोशांतून वेचून काढले होते, त्यांचे प्रवास मांडले होते, त्यावर एक निबंध वाचून शाबासकीही मिळवली होती. त्या निबंधासाठी काकीला काही विचारावं, असं माझ्या डोक्यात आलं नाही. तिला कानडी येत असेल हेच आम्ही सगळे विसरलो होतो. बहुधा तीही विसरली होती.

मग एक दिवस गावाकडून निरोप आला, की काकीच्या अंगावरून वारं गेलं. मी रजा टाकून इस्लामपूरमार्गे एस.टी.नं गाव गाठलं. दारातच चुलत वहिनी भेटली, काकीची सून. तिचा नवरा पलटणीत, दूर सरहद्दीवर. घरात ती, काकी आणि आबा. थोरल्या काकांना आम्ही आबा म्हणायचो. वहिनीचे डोळे सुजलेले होते. म्हणाली, "बरं झालं बाई आलासा. उजवं अंग तर गेलंयच, पर आत्याबाईंचं बोलनंबी गेलंय. म्हंजी गेलंय असं न्हाई. बोलत्यात लय. पर समदं कानडी."

"मराठी अजिबात नाही?"

"एक सबूद न्हाई. आमी काय बोलतो त्येबी कळंना त्यास्नी. ताट म्होरं केलं की ढकलून देत्यात. काय पायजे त्ये सांगत्यात, पर आमाला कुठलं कळतंय?" मग तिनं माझी पिशवी घेतली आणि सुटका झाल्यासारखी म्हणाली, "आता तुमी आलाय. तुमी भाषेतल्या."

कऱ्हाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की मेंदूला मार बसला की नंतर शिकलेलं कधी कधी आधी पुसतं आणि लहानपणीचं मागं राहतं. हे मीही कुठंतरी वाचलेलं होतं. वाचताना फार मजेशीर वाटलं होतं.

सोप्यात काकी पडली होती. तिच्या पायाशी आबा बसले होते, भिंतीला टेकून, जोत्यावर बसल्यासारखे. चार बायका, वडील, आई, सगळे बाजूला झाले आणि मला वाट दिली. डॉक्टर आल्यावर देतात तशी. काकीनं माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं काही त्या नजरेत नव्हतं. वाकडं झालेलं तोंड सावरत तिनं विचारलं, "याव ऊर?"

एवढं मला कळलं. ऊर म्हणजे गाव. कितीतरी गावांच्या नावांच्या शेपटीला तो शब्द आहे हे मी वर्गात शिकवत होते. ती विचारत होती, कुठलं गाव? नंतर वहिनीनं सांगितलं, की जो समोर येईल त्याला ती हेच विचारत होती. वाटेत भेटलेल्या परक्या माणसाला आपण विचारतो तसं.

आता माझ्या धंद्याची एक खोड सांगायला हवी. आम्हाला शिकवलेलं असतं, की ऐकलेलं वाक्य आधी जसंच्या तसं म्हणून बघायचं. अर्थ नंतर. सूर, हेल, जीभ कुठं लागली, सगळं हुबेहूब. त्यात मी वाकबगार होते. काकीनं विचारलं आणि मी सवयीनं तोच सूर, तोच हेल उचलून म्हणाले, "याव ऊर?"

काकीचा चेहरा उजळला. मी आयुष्यात माणसाचा चेहरा इतका उजळलेला पाहिलेला नाही. तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि ती बोलू लागली. बांध फुटल्यावर पाटाचं पाणी सुटतं तशी बोलू लागली. मधे थांबून काही विचारायची, माझ्या तोंडाकडे बघायची. कळत काहीच नव्हतं. मी मान हलवली. ती पुन्हा बोलू लागली. तेवढ्यात वहिनीनं पेज आणली, मी चमचा पुढे केला आणि काकीनं तोंड उघडलं.

घरात आनंदीआनंद झाला. वडील मिशीवरून हात फिरवत बाहेर गेले आणि ओट्यावरच्या लोकांना सांगताना मला ऐकू आले, "बोलती की! फाडफाड बोलती." आबांनी मला विचारलं, "काय म्हणती गं?"

"आबा, मला कळत नाही."

"कळत न्हाई कसं? आता बोललीस की तिच्यासंगं."

"मी नुसतं ती म्हणाली तेच म्हणाले."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी लपवतेय. वाईट बातमी माणसं लपवतात, हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, "असू दे. सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ दे." माझ्या विद्येवर शंका घेणारे पुष्कळ भेटले होते, पण इतका विश्वास ठेवून कुणी मला खोटं पाडलं नव्हतं.

पुढचे दिवस असेच गेले. काकीला मी लागायचे. मी दिसले नाही तर ती दाराकडे बघून हाका मारायची, मी बसले की खायची आणि बोलायची. मला सुटे शब्द सापडत होते. पाणी सापडलं, मेंढरं सापडली, अव्वा म्हणजे आई, ती तर दर वाक्याला सापडत होती. पण वाक्य सापडत नव्हतं. अर्धी वाचा जड, त्यात जतकडचा हेल, त्यात मला क्रियापदांचे प्रत्यय माहीत ते पुस्तकातले. मग मी माझी शिकलेली पद्धत काढली. वस्तू हातात धरायची आणि भुवया उंचावून विचारायचं. मीठ दाखवलं, काडेपेटी दाखवली, सुपलं दाखवलं. काकी आधी हसली, मग प्रत्येकाचं नाव सांगू लागली, लहान मुलाला सांगावं तसं. तिला वाटलं असणार, या पोरीला जरा कमी आहे. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे एक दुकान मांडता येईल एवढी नामं जमली. तिला काय हवंय ते तिथंच राहिलं.

कऱ्हाडच्या एका हॉटेलवाल्याला कानडी येतं म्हणून वडील त्याला सायकलवर डबलसीट घेऊन आले. तो समुद्राकडचा माणूस. बिचारा बराच वेळ कान देऊन बसला आणि म्हणाला, "ही आमची कानडी नाही हो बाई. हे मला पण परकंच." जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला तर येते म्हणाले." खरं तर मला रडायला येत होतं, पण घरात सगळे माझ्या चेहऱ्यावरून काकीच्या मनातलं वाचत होते, त्यामुळे रडायचीही सोय नव्हती. मी जरा डोळे पुसले की वहिनी धावत यायची, "काय म्हणाल्या वो?"

जतला निरोप पाठवला होता. तारेवर आबांचा भरवसा नव्हता. निरोप कऱ्हाडच्या कंडक्टरानं सांगलीच्या कंडक्टराला सांगितला, सांगलीच्यानं जतच्याला, आणि तिथून तो कुणा मेंढक्याच्या तोंडून वाडीवर पोचला. माझी रजा संपत आली तेव्हा काकीचा भाचा आला. माझ्याच वयाचा असेल. खांद्यावर घोंगडं, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. आमच्या मोटेच्या पाण्याकडे तो जरा वेळ बघत उभा राहिला, मग पाय धुऊन आत आला. काकीनं त्याला तेच विचारलं, कुठलं गाव? त्यानं गाव सांगितलं. मग ती बोलली आणि तो बोलला. तो माणूस उत्तरं देत होता. इतके दिवस मी जिथं मान हलवली होती तिथं तो बोलत होता, आणि मला त्याचा हेवा वाटला. हेवा आणि सुटका, दोन्ही एकदम.

बऱ्याच वेळानं त्यानं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. आबा पायाशी होते तिथंच होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणती?"

"गावाकडचं बोलती, मामा. हिरीचं, मेंढरांचं. मला तिचा भाऊच समजती. माझ्या बाला जाऊन लय वर्सं झाली, पर तिला त्ये ठावं न्हाई आता."

"आनि?"

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. "ह्या अक्का तिच्या आईनं धाडल्यात म्हणती. न्यायला आल्यात. म्या इचारलं, कोण म्हटलं? तर ह्यास्नीच इचारलं, ह्यांनी व्हय म्हटलं म्हणती. म्हून जेवती म्हणती. लांब जायाचं तर अंगात ताकद पायजे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या मान हलवण्याचाही अर्थ होतो हे मला कुणी सांगायला हवं होतं का? पण मान नसती हलवली तर ती जेवली नसती. मी अजूनही या दोन वाक्यांच्या मधे अडकलेली आहे.

"अन् माझं काय म्हणती?" आबांनी विचारलं.

भाचा मुंडाशाची शेवटची घडी उलगडून पुन्हा घालत बसला. मग मला हळूच म्हणाला, "अक्का, तुमी शिकल्याल्या. सांगू का?"

शब्द कुठून आला ते मला सांगता येतं. तो कुणापर्यंत जाऊ द्यायचा, हे कुठल्या पुस्तकात दिलेलं असतं?

"तिला काय इचारतोस रं?" आबा म्हणाले. "माझं हाय त्ये मला सांग."

"आवं मामा, ती म्हणती," भाचा खाली बघून सांगू लागला, "ह्यो म्हातारा कोण कुणास ठावं. दिसभर पायापाशी बसतोय. पानी देतोय, माशा वारतोय. मानूस भला हाय. पर त्याला म्हणावं, आता घरी जा. त्याची मानसं वाट बगत असतील."

वहिनीनं पदर तोंडात कोंबला. आबा हलले नाहीत. काकी त्यांच्याकडेच बघत होती, उपकार करणाऱ्या परक्या माणसाकडे बघावं तशी, संकोचानं. मग आबा बोलले, पण आमच्याशी नव्हे. "पयल्या वर्साला रातचं हळूच बोलायची कानडी. मी म्हणायचो, गप, आई ऐकंल. लय डाव म्हटलं असंल. तवा म्हटलं नसतं तर चार सबूद मलाबी आलं असतं."

त्यांच्या त्या बोलण्याचं कानडी करून भाच्यानं काकीला सांगावं, असं मला वाटलं आणि लगेच लाजही वाटली. कुणाला सांगणार होता तो? ते जिला सांगायचं, ती बाई आता तिथं नव्हती.

आबा उठले. गुडघ्यावर हात देऊन उठले, कोनाड्यातला पटका डोक्याला गुंडाळला. "जातो म्हणावं," ते भाच्याला म्हणाले. भाच्यानं ते सांगितलं. काकीनं समाधानानं डावा हात हलवला, नीट जा म्हणून. आबा पायताण घालून बाहेर पडले. मी दारातून बघत होते. कुठं जाणार होते? जन्म त्याच घरात गेलेला. ते गोठ्यापर्यंत गेले आणि बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभे राहिले. वडील त्यांच्याकडे निघाले होते, ते अर्ध्या वाटेवरून परत फिरले.

आत काकी भाच्याशी बोलत राहिली. मला कुणी काही विचारलं नाही आता. घरातला माझा हुद्दा गेला होता आणि गेला ते बरंच झालं होतं. मी वहिनीला भाकरी करायला मदत करत बसले. दिवस कलला तसं काकीचं बोलणं मंदावलं. तिला ठसका लागला. वहिनी परातीतून हात काढेपर्यंत आबा तांब्या घेऊन आत आलेही होते. ते गोठ्याच्या भिंतीशी कान देऊनच उभे असणार. त्यांनी तिच्या मानेखाली हात घातला, तिला थोडी उचलली आणि पाणी पाजलं. काकी प्याली, श्वास घेतला, त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि भाच्याला काहीतरी म्हणाली. बोलताना तिच्या वाकड्या ओठांवर कीव होती, खरीखुरी कीव.

भाचा खांद्यावरचं घोंगडं सावरू लागला.

"सांग की," आबा म्हणाले.

"म्हणती, आला का परत? ह्याच्या घरी कुणी न्हाई वाटतं."

आबांनी उपरण्याच्या टोकानं तिची हनुवटी पुसली.

"न्हाई म्हणावं," ते म्हणाले.